सातबाऱ्यावर पोटखराबा, दादाच्या डोक्यात काजू, आणि मला झोप नाही

कातळावरचा – १० मे, रात्री ११:०५

आमचं गाव राजापूर तालुक्यात. डांबरी रस्ता संपतो तिथून अर्धा-पाऊण तास चढलं की सडा लागतो. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: डोंगराचा माथा सपाट, वर जांभ्याचा उघडा कातळ, झाड म्हणाल तर एखादा कुंभा नाहीतर करवंदाची खुरटी जाळी. एप्रिलमध्ये तिथे अनवाणी पाय ठेववत नाही.

या सड्यात आमच्या घराण्याचा तुकडा आहे, ४ हेक्टर ६५ आर, म्हणजे साडेअकरा एकर. सातबाऱ्यावर नावं अठ्ठावीस. त्यातली नऊ माणसं वर गेली, वारसनोंद कुणी केली नाही. बाकी आम्ही डोंबिवली, विरार, पुणे. गावात राहिलाय तो एकटा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो आणि लहानपणापासून थोडा घाबरतोही.

यंदा आंब्याला गेलो तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर दादाने वहीचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. पोकलेनला ब्रेकर लावून खड्डे, खालच्या वरकसातून (उतारावरच्या हलक्या जमिनीतून) माती आणून भर, सात बाय सात मीटरवर वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची कलमं. खाली ओळीने आकडे, आणि शेवटी चौकटीत मुलीच्या कॉलेजची फी. ती फी त्याने मुद्दाम चौकटीत टाकली होती हे मला कळलं. "तुम्ही सगळे सह्या द्या, पैसे मी उभे करतो, उत्पन्नातला हिस्सा देतो." मी म्हटलं, बघू. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. दादा उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं वर गेलो. वणवा लागून गेलेला, सगळा कातळ काळा. दादा पावलं टाकत खड्ड्यांची जागा मोजत होता. मी एक सुटा दगड उचलला तर खाली एक पाल, बोटभर, तपकिरी अंगावर पांढरे आडवे पट्टे. हललीसुद्धा नाही. मी दगड होता तसा परत ठेवला. दादा लांबून ओरडला, "फुरसं असतं खाली, हात घालू नको!" तेही खरंच.

याच सड्यावर मी आजीबरोबर दिवाळीनंतर गवत कापायला जायचो. म्हणजे ती कापायची, मी भारा बांधायच्या नावाखाली खेळायचो. पलीकडच्या टोकाला कातळात कोरलेली चित्रं आहेत, एक मासा आणि एक चौकोनी नक्षी. ती पांडवांनी एका रात्रीत काढली असं आजी सांगायची. आता लोक गाड्या घेऊन बघायला येतात.

सातबाऱ्यावर मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे. पोटखराब वर्ग अ, म्हणजे लागवडीला अयोग्य. आकार, म्हणजे सारा, शून्य.

माझा प्रश्न सरळ आहे. दादाला सही द्यावी की नाही? 'निसर्ग वाचवा' असं नुसतं सांगू नका, कारण दादाच्या मुलीची फी निसर्ग भरणार नाही. आणि 'विकास हवाच' असंही सांगू नका. ज्यांनी सड्यावर बाग केली आहे, किंवा सड्याचा अभ्यास केलाय, किंवा सड्याखाली राहतात, त्यांनी लिहावं.

---

चाकरमानी – १० मे, रात्री ११:३१

वाचतोय. चित्रांचे फोटो टाका की राव.

---

हापूसवाला – ११ मे, सकाळी ६:१२

सही द्या. आता कारण सांगतो, रागावू नका.

आमचं रत्नागिरी तालुक्यात. १९९० च्या सुमारास रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली तेव्हा माझ्या वडिलांकडे होता फक्त सडा. खालची भातजमीन मोठ्या भावकीच्या नावावर. सड्याला कुणी विचारत नव्हतं म्हणून तो आमच्या वाट्याला आला, आणि तेवढाच आला. वडिलांनी सुरुंग लावून खड्डे काढले. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. खालून माती डोक्यावरून आणली आई आणि दोन काकींनी. पहिले तीन उन्हाळे प्रत्येक कलमाला हंड्याने पाणी. साठ कलमं लावली, एकोणचाळीस जगली. माझी बहीण शिकली, मी शिकलो, घराला स्लॅब पडला, सगळं त्या एकोणचाळीस झाडांवर.

तेव्हा कुणी विचारलं नाही की या कातळावर कुठली पाल राहते. आणि विचारलं असतं तरी वडिलांनी काय उत्तर दिलं असतं? कोकणातून माणूस मुंबईला पळत होता, गिरण्या बंद पडून परत येत होता, त्या काळात ही एक योजना अशी आली की गरिबाच्या निरुपयोगी जमिनीवर त्याच्याच मजुरीचे पैसे देऊन झाड उभं करून दिलं. आज सगळे हापूसच्या जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, कौतुक करतात. २०१८ साली मिळालं. त्या हापूसमधला किती आंबा फोडलेल्या कातळावर पिकतो ते बघा एकदा गाडीतून जाताना.

ऑगस्टमध्ये फुलांचे फोटो काढायला येणाऱ्यांनी एक मे महिना आमच्या सड्यावर राहून दाखवावा.

---

गावकार – ११ मे, सकाळी ८:४०

+१. तुमी मुंबयत बसान फुला मोजतास, आमी हय माकडा हाकतव.

---

टिटवी – ११ मे, दुपारी ४:५५

कातळावरचा, तुम्ही पाहिलेली ती पाल कोकणातल्या कातळांपुरतीच आहे. १९६३ मध्ये शास्त्राला नवीन म्हणून तिचं वर्णन झालं, तेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. दिवसभर ती सुट्या दगडाखाली असते, रात्री बाहेर पडते. दगड परत ठेवलात हे फार बरं केलंत. लोक उलटून तसेच टाकून जातात.

मी वनस्पतींवर काम करते, सड्यांवर बारा पावसाळे काढलेत. हापूसवाल्यांचं पटलं नाही असं नाही. पण 'निरुपयोगी' हा शब्द जरा बाजूला ठेवून तो कातळ चालतो कसा ते बघा.

सड्यावर माती फार तर चार बोटं, तीही खोलगट जागीच. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तो सगळा चार महिन्यांत. म्हणजे चार महिने दलदल आणि आठ महिने तवा. अशा जागी झाड टिकत नाही, म्हणून जे टिकतं ते दुसरीकडे सहसा दिसत नाही. पहिल्या सरी पडल्या की दीपकाडीची पांढरी फुलं येतात. तिचा कांदा वर्षभर कातळाच्या खाचेत पडून असतो. ऑगस्ट सुरू झाला की गेंदाच्या पांढऱ्या बटणांचे ताटवे, मग सीतेच्या आसवांचा निळा पट्टा, शेवटी पिवळा कवला. गेंदाच्या एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच रत्नागिरी आहे.

सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती. का खातात? कारण त्या पाण्यात नत्र जवळजवळ नाही. ही गरिबीच त्यांचं संरक्षण आहे. तुम्ही बागेला शेणखत आणि युरिया घातलात की पावसात तो ओघळून डबक्यात उतरतो. मग तिथे दांडगं गवत माजतं आणि ही बोटभर उंचीची मंडळी दोन-तीन पावसाळ्यांत दिसेनाशी होतात. खड्डा त्यांच्यापासून पन्नास पावलांवर असला तरी. हे मी स्वतः एका बागेच्या उतारावर पाहिलंय, ओळखीची जागा होती, शोधत बसले आणि एकही मिळाली नाही.

प्राण्यांचंही तसंच. मोकळा सडा, कलमांची बाग आणि पडीक भातखाचर अशा तिन्ही ठिकाणी हजारो सुटे दगड उचलून खाली कोण राहतं ते पाहणारं काम अलीकडे झालंय. त्यातून इतकं नक्की दिसलं की जमीन बदलल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. काही जिवांना नवी जागा मानवते. जे फक्त कातळाचेच आहेत त्यांना नाही. बाग केली की जीव नाहीसे होत नाहीत. बुलबुल येतो, खार येते, वानर तर येतंच. पण हे सगळे आधीच सगळीकडे आहेत.

कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तिथे तिकीट लावून लोक बघतात. तुमचा सडा कासपेक्षा हजार-अकराशे मीटर खाली आहे एवढाच त्याचा गुन्हा.

---

हापूसवाला – ११ मे, रात्री ९:२०

टिटवीताई, तुम्ही चांगलं लिहिता. पण कासचं तिकीट ज्याला मिळतं त्याच्या पोटाला काहीतरी लागतं. आमच्या कातळावर फुलं फुलल्याचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतात ते सांगा, मी उद्या बाग तोडतो.

---

टिटवी – ११ मे, रात्री ९:४८

जमा होत नाहीत. तेच तर रडगाणं आहे.

---

काळाकोट – १२ मे, सकाळी १०:१५

कायद्याचं थोडं, कारण धागाकर्ता सहीचं विचारतोय.

पोटखराबाचे दोन वर्ग. 'अ' म्हणजे खडक, नाला, खंदक यामुळे लागवडीला अयोग्य. 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाला राखलेला. वर्ग 'अ' तुम्ही स्वखर्चाने लागवडीखाली आणलात तर तो लागवडयोग्य म्हणून नोंदवून आकारणी करून घेता येते. त्याने कर्ज आणि विमा सोपा होतो. तुमच्या दादाच्या डोक्यात हे असणार, आणि असावं.

पण गंमत अशी की ही भाषाच महसुलाची आहे. जिथे सारा बसत नाही तो 'खराबा'. गवत, पाणी, गुरांची वाट यांचा त्यात हिशोब नाही, कारण सरकारला त्यातून काही येत नव्हतं.

आता महत्त्वाचं. अठ्ठावीस नावं आणि वाटप झालेलं नाही, तेव्हा नुसत्या तुमच्या सहीने काही होत नाही आणि नुसत्या तुमच्या नकाराने काही थांबतही नाही. आधी वारसनोंद करून घ्या. नऊ मयत माणसं सातबाऱ्यावर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

---

वाडीतली – १२ मे, दुपारी २:३०

मी पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं माहेरही सड्याखालचं आणि सासरही. नवरा मुंबईला. मी, सासूबाई, दोन मुलं, दोन म्हशी.

तुम्ही सगळे जमीन ज्याची त्याचंच बोलताय. आमची वाडी कुणबी. आम्हाला कुळकायद्याने खालची खाचरं मिळाली, सड्याचा तुकडा एकाच्याही नावावर नाही. पण म्हशी चरतात सड्यावर. दसरा झाला की गवत कापतो सड्यावर. गवताचे भारे घरी म्हशींना, आणि उरलेलं बागायतदार नेतात आंब्याच्या आढीला. त्या चार-पाच हजार रुपयांतून मुलांचे गणवेश होतात. हे पैसे नवऱ्याला सांगत नाही, म्हणून इथे नाव लिहिलं नाही 🙂

आमच्या वरच्या बाजूचा सडा सहा वर्षांपूर्वी एकाने घेतला, बाग केली. माणूस वाईट नाही. कामाला बोलावतो, फवारणीला पुरुष आणि भरायला बायका. पण चारी बाजूंनी चिऱ्याचा गडगा आणि वर तार. पाणवठ्याकडे जायची वाट त्यातून जायची. आता वळसा घालून दीड किलोमीटर. आधी गडगा नव्हता तेव्हा कुणाची जमीन आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, गरजच पडली नव्हती.

आणि राखणीला नेपाळची कुटुंबं असतात आंब्याच्या हंगामात. त्यांच्या बायका माझ्याकडे ताक न्यायला येतात. त्यांनाही त्याच वळशाने पाणी आणावं लागतं.

हापूसवाले दादा, तुमच्या आईने डोक्यावरून माती आणली ते वाचून डोळ्यात पाणी आलं. पण तुमच्या साठ खड्ड्यांच्या आधी तिथे कुणाची म्हैस चरायची, ते विचारलं होतं का कधी आईला?

---

हापूसवाला – १२ मे, रात्री १०:०२

वाडीतलीताई, आज आईला फोन केला. विचारलं.

म्हणाली, "आमचीच चरायची. आणि शेजारणीची. शेजारणीने मग म्हैस विकली." एवढंच म्हणाली आणि विषय बदलून माझ्या खोकल्याचं विचारायला लागली.

असो. आता बागेचीही दुसरी बाजू सांगतो, नाहीतर धागाकर्त्याला वाटेल मी झाडावर पैसे लागल्याचं सांगतोय. गेली काही वर्षं थ्रिप्सने, म्हणजे मोहोरावरच्या बारीक किडीने, वात आणलाय. पूर्वी वडील तीन-चार फवारण्या करायचे, मी आठ-नऊ करतो आणि तरी मोहोर काळा पडतो. थंडी वेळेवर येत नाही, मार्चमध्ये अवकाळी येतो. कल्टार (झाडाला मोहोर आणणारं औषध) घालून दरवर्षी फळ घ्यायची सवय झाडालाही लागली आणि आम्हालाही, आता न घालता झाड ऐकत नाही. औषधाच्या दुकानातली उधारी आंबा गेल्यावर फिटते, काही वर्षी तीही नाही.

काजूचं त्यातल्या त्यात बरं, फवारणी कमी. पण दर आमच्या हातात नाही. आफ्रिकेतून बी येतं, कारखानदाराला ते परवडतं, आणि इथला भाव पडतो. दादाच्या वहीतला दर कुठल्या वर्षीचा आहे ते विचारा. आमच्याकडे सगळ्यांच्या वहीत चांगल्या वर्षाचाच दर असतो.

---

पेडणेकर_बाब – १३ मे, सकाळी ७:५०

आमच्या पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन, जानेवारीत विमानं सुरू. त्याआधी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित झाली, २०२० मध्ये परत मिळाली. कागदोपत्री ते पठारसुद्धा 'ओसाड'च होतं. तिथे धनगर कुटुंबं राहत होती, गुरं पाळत होती. त्यांना उठावं लागलं. त्यांना घरं दिली, हे खरं. पण गुरांना चरायला पठार दिलं नाही, कारण दुसरं पठार आणायचं कुठून?

विमानतळापुढे काजूची बाग म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. विमानतळ एकदाच येतो, त्याच्यावर मोर्चे निघतात, खटले होतात. साडेअकरा एकर काजूवर खटला कुणी करत नाही. असे साडेअकरा-साडेअकरा करत किती सडे गेले, त्याचा आकडा कुणी लिहून ठेवलाय का?

बाकी काजूही मूळचा इथला नाही, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. त्यामुळे 'आपलं ते आपलं' या बाजूने वाद घालू नये. फेणी बंद होईल.

---

चाकरमानी – १३ मे, सकाळी ९:०५

धागाकर्त्या, बारसूपण तुमच्याच तालुक्यात ना? रिफायनरीवर काय मत?

---

कातळावरचा – १३ मे, सकाळी ९:३०

आहे तालुक्यातच. मत आहे, पण इथे लिहिलं तर उद्या सकाळपर्यंत चारशे प्रतिसाद होतील आणि माझा काजू वाहून जाईल. तो विषय कृपया नको.

कातळशिल्पांचं तेवढं सांगतो. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढ्ये तळी, कशेळी, जांभरूण, उक्षी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्याचं फणसायमळ ही सगळी एकत्र २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. काही ठिकाणी एकशिंगी गेंडाही आहे. म्हणजे कुणीतरी इथे गेंडा बघितला होता. आमच्या माशाला यादीत जागा नाही. माझ्या अंदाजाने दादाच्या वहीतल्या हिशोबात त्याच्यावर साधारण चार खड्डे येतात.

---

टिटवी – १३ मे, रात्री ८:१०

पाण्याचं राहिलं होतं, ते लिहिते, कारण वाडीतलीताईंचा पाणवठा डोक्यातून जात नाही.

जांभा हा स्पंजासारखा. पावसाचं पाणी भेगांतून, भोकांतून खाली मुरतं आणि चिकट मातीच्या थरापाशी अडतं. मग तो थर जिथे डोंगराच्या कुशीत उघडा पडतो तिथून झऱ्याने बाहेर येतं. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी त्याच्यावर चालतात. बाग केली म्हणून झरा लगेच आटतो असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. धोका दोन गोष्टींत आहे. एक, पोकलेनने सगळा माथा सपाट करून डबकी बुजवणं, कारण पाणी तिथे थांबतं आणि मुरतं. दुसरं, बागेसाठी वरच बोअर मारणं. आणि चिरेखाण असेल तर बोलायलाच नको, तिथे स्पंजच कापून ट्रकमध्ये भरला जातो.

कातळावरचा, दादांना हे विचारा: कलमं सड्याच्या मध्यात लावायची की कडेला? कडेला, जिथे माती आपोआप साठते आणि आधी नाचणी-वरी करायचे, तिथे काजू चांगला येतो आणि ब्रेकरही लागत नाही. माझ्या मते मधला कातळ, डबकी आणि चित्रांची बाजू सोडावी. उत्पन्न कमी होईल. ते मी नाकारत नाही.

---

हापूसवाला – १३ मे, रात्री ८:४४

हे मात्र बरोबर सांगितलं. ब्रेकरचं भाडं ताशी लागतं आणि कातळ कठीण लागला तर दिवसाला पाच खड्डे होतात. मध्यातली माझी कलमं अजून खुरटी आहेत, कडेची आभाळाला गेली. आज लावायचं असतं तर मीही कडच धरली असती. पालीसाठी नाही, डिझेलसाठी.

---

गावकार – १४ मे, सकाळी ८:१५

पण ताई, कडेक रानडुकर येतत.

---

कातळावरचा – ४ सप्टेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, माफी असावी. गौरी-गणपतीला जाऊन आलो.

मे महिन्यात इथलं सगळं छापून दादाला पाठवलं होतं. त्याने काहीच उत्तर दिलं नाही. गणपतीत गेलो तर देव्हाऱ्याच्या बाजूला ते कागद ठेवलेले, वर हळदीचा डाग. म्हणजे वहिनीने वाचले होते.

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी दादाच म्हणाला, चल वर. पाऊस थांबून थांबून पडत होता. सडा ओळखू आला नाही. मी इतक्या वर्षांनी पावसाळ्यात वर गेलो होतो की मला वाटलं वाट चुकलो. जिथे एप्रिलमध्ये दादा पावलं मोजत होता तिथे घोट्याएवढं पाणी, त्यात गेंद, आणि मध्ये निळी रेघ. दादा म्हणाला, "हे दरवर्षी असतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? "तू कधी विचारलंस?"

ठरलं ते असं. कडेचा दीडेक एकर, जिथे आजोबा वरी करायचे, तिथे काजू. मधला कातळ तसाच. पाणवठ्याची वाट मोकळी, गडगा घालायचा नाही, डुकरांसाठी काय करायचं ते पुढे बघू. दीड एकरात मुलीची फी निघत नाही, हे दादाने सड्यावर उभं राहूनच मला सांगितलं, माझ्या तोंडावर. त्यामुळे फीचा काही भाग मी देणार आहे. ही मदत समजायची की कातळाचं भाडं, ते आमच्या दोघांत बोललं गेलं नाही.

इथे धागा संपला असता तर बरं झालं असतं. परत येताना चित्रांच्या बाजूला आलो तर कातळावर चुन्याच्या फुल्या. ताज्या, पावसाने थोड्या ओघळलेल्या. एक माशाच्या शेपटीपासून दोन हातांवर. गावात विचारल्यावर कळलं की विरारच्या आमच्याच एका भावाने त्याच्या न वाटलेल्या हिश्शाची विसारपावती केलीय, कुणा एजंटबरोबर. एजंट लोकांना सांगत फिरतोय की पडीक आहे, कुणाचा वापर नाही, पोटखराबा आहे.

दादा फुल्यांकडे बघत बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "सगळ्यात काजू लावला असता तर निदान वहिवाट दिसली असती."

मला यावर काही बोलता आलं नाही. काळाकोट, तुम्ही आहात का?

---

काळाकोट – ४ सप्टेंबर, रात्री ११:४०

आहे. मे महिन्यात वारसनोंद करा म्हटलं होतं, केली नसणार. उद्याच तलाठ्याकडे अर्ज द्या. अविभक्त हिस्सा तो विकू शकतो, पण अमुक फुली ते अमुक फुली असा ठराविक तुकडा दाखवून विकू शकत नाही, वाटप झाल्याशिवाय. विरारच्या भावाला आधी फोन करा, नोटीस नंतर. नोटिशीने भाऊ कायमचा जातो.

आणि 'कुणाचा वापर नाही' हे खोडायला काजूच लागतो असं नाही. कोण चारतं, कोण गवत कापतं, केव्हापासून, हे लिहून ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन पोच घ्या. त्याने मालकी ठरत नाही, पण वापर आहे हे कागदावर येतं.

---

वाडीतली – ५ सप्टेंबर, दुपारी १:१०

आमची वाडी तुमच्या सड्याखालची नाही, चार डोंगर पलीकडे आहे. पण तुमच्याकडेही गवत कापणाऱ्या बायका असतीलच, त्यांना विचारा. सही देतील. फक्त सहीच्या आधी त्यांना वाचून दाखवा काय लिहिलंय ते, आमच्याकडे एकदा फसलोय.

आमच्या वरच्या सड्यावरही परवा अशाच फुल्या दिसल्या. दसऱ्यानंतर आम्ही गवताला जाणार आहोत. पायाने पुसल्या तर चालेल का?

---

काळाकोट – ५ सप्टेंबर, दुपारी १:३२

पुसू नका. आधी फोटो काढा, तारखेसकट.

---

वाडीतली – ५ सप्टेंबर, दुपारी १:३५

बरं. फोटो काढून मग पुसतो.